गाडी सोडणारं नाक

आमच्या डेपोत गाडी सोडायचा अधिकार कागदावर मुकादमांना होता, पण खरं म्हणजे तो माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नाकाला होता. सकाळच्या फेऱ्या संपवून बस आत आली की शेडमधल्या बाया ती धुऊन पुसून घ्यायच्या. सगळं झालं की जाऊबाई आत चढायच्या, दारं-खिडक्या लावायला सांगायच्या आणि मधल्या एका सीटवर डोळे मिटून बसायच्या. बाहेर ड्रायव्हर, कंडक्टर, हातात ओली फडकी घेतलेल्या बाया, सगळे चिडीचूप. बंद गाडीत वास वर यायला थोडा वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. मग आतून एकदाच ‘हं’ ऐकू यायचं. ‘हं’ आलं की ड्रायव्हरने चावी फिरवायची, नाही आलं तर नाही फिरवायची. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो मोडायची हिंमत मुकादमांचीही नव्हती.

मी त्याच डेपोत कंडक्टर. म्हणजे घरात स्वयंपाकघर एक आणि नोकरीत डेपो एक, जाऊबाईंपासून माझी सुटका कुठेच नाही. देवाने इतरांना श्वास घ्यायला नाक दिलं, आमच्या जाऊबाईंना दुसऱ्यांच्या चुका काढायला दिलं, असं मी माहेरी जाऊन सांगायचे. दूध नासायच्या आधी त्यांना कळायचं. मी कालचाच ब्लाउज पुन्हा घातला तर त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या खिडकी उघडायच्या. माझ्या नवऱ्याने बाहेर एखादी सिगारेट ओढली तर बायको असून मला पत्ता नसायचा, पण जाऊबाई दारातच दिराला अडवून म्हणायच्या, “आधी तोंड धुवा, मग घरात या.” त्याने सिगारेट सोडली ती काही माझ्या धाकाने नाही. एकदा माझ्या लेकीच्या डोक्याला नाक लावून म्हणाल्या, “हिला संध्याकाळी ताप येणार.” मी म्हटलं, झालं, आता डॉक्टरकीसुद्धा सुरू! संध्याकाळी पोरीचं अंग तापलं. मला पोरीची काळजी वाटली आणि जाऊबाईंचा राग आला, दोन्ही एकदमच.

पण डेपोत मी त्यांना पहिल्यांदा काम करताना पाहिलं, त्या दिवशी माझा सगळा तोरा उतरला. मी नवी होते, माझीच गाडी होती, आणि ‘हं’ येईना. जाऊबाई उठल्या, मागच्या दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या, एका सीटपाशी थांबल्या. पाठ आणि बैठक यांच्या फटीत त्यांनी मनगटापर्यंत हात घातला आणि केळ्याचं काळंकुट्ट साल बाहेर काढलं. ती गाडी धुताना मी बघितली होती. स्वतः आत जाऊन नाक वर करून वासही घेतला होता, आणि साबणाशिवाय मला काहीही आलं नव्हतं. मी त्या सालाकडे बघत राहिले, मग जाऊबाईंकडे. त्यांनी साल बादलीत टाकलं, हात धुतला, पुन्हा दारं लावायला सांगितली आणि पुन्हा जाऊन बसल्या. जणू फार काही झालंच नव्हतं.

त्यांचा हा कारभार नुसता नाकाचा नव्हता. वरच्या आडव्या दांड्या त्या गरम पाण्यानेच पुसून घ्यायच्या. म्हणायच्या, माणूस दांडी धरतो, त्याच हाताने पोराचं तोंड पुसतो. खिडकीच्या काचेवर डोकी टेकून टेकून तेलाचे गोल उमटतात, ते बाहेरून दिसत नाहीत, आतून तिरकं बघावं लागतं. त्या प्रत्येक काचेपाशी मान वाकडी करून बघायच्या. एकदा मी कंटाळून म्हटलं, “ताई, संध्याकाळपर्यंत पुन्हा उकिरडाच व्हायचाय ना सगळा?”

“घरी पाहुणा आला तर चादर झटकून घालतेस ना?”

“पाहुणा रोज येत नाही.”

“मग रोज येणाऱ्याने काय पाप केलंय?” त्या म्हणाल्या, आणि मी फडकं उचललं. मी न भांडता काम करणं ही आमच्या घरात बातमी असते.

त्या ‘हं’चं त्यांना काय वाटतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. “लग्न वडिलांनी ठरवलं,” त्या म्हणाल्या. “कुठे राहायचं ते सासऱ्यांनी. नोकरीसुद्धा ह्यांनीच बघून दिली. माझ्या हो-नाहीने आयुष्यात कधी काही अडलं नाही गं. ही एक गाडी तेवढी माझ्या शब्दावर थांबते.” आणि मग लगेच, “चिमटे नीट लाव, शर्ट उडेल,” असं म्हणून विषय बदलला. मी त्यांच्यावर इतकी वर्षं चिडत आले होते, पण त्या दिवशी चिडता आलं नाही.

पुढे डेपोला वरून दट्ट्या आला. शेडमध्ये माणसं जास्त झालीत, जे काम कुणालाही जमतं त्यावरची माणसं उचला आणि यार्डात झाडायला लावा. मुकादमांनी सगळ्यांची तोंडं बघितली आणि जाऊबाईंपाशी आल्यावर म्हणाले, “तुमचं काम कुणालाही जमत नाही, तुम्ही राहा.” शेडमधल्या दोन बायांच्या हाती खराटे आले. यार्ड म्हणजे उन्हातान्हात तेल सांडलेली जमीन झाडत बसायचं. जाऊबाई त्या दोघींना रोज आपल्या डब्यातलं काहीतरी नेऊन द्यायच्या, कारण आपण शेडमध्ये आहोत ते फक्त नाकाच्या जोरावर, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि त्याच सुमारास घरात सर्दी-तापाची साथ शिरली. आधी माझी लेक, मग मी, मग भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, आणि शेवटी जाऊबाई. आम्ही बाकीचे खडखडीत बरे झालो. जाऊबाईही कामावर जायला लागल्या. एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर सगळ्या घरभर करपट वास, आणि जाऊबाई गॅसपासून हातभर अंतरावर भाजी निवडत बसलेल्या. दूध तळाला लागून काळं झालेलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! “ताई! तुमच्या नाकासमोर दूध करपलं!”

“विचारात होते,” त्या म्हणाल्या आणि भांडं घासायला घेतलं. मी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली, शेजारणीला सांगितली, डेपोत जाऊन ड्रायव्हरला सांगितली. सगळे हसले. शंका कुणालाही आली नाही.

मात्र त्यांचं वागणं बदललं. धुलाई चालू असताना त्या आता बाजूला उभ्या राहीनात. स्वतः गुडघ्यांवर बसून एकेका सीटखाली हात घालायच्या, फटी चाचपायच्या, बोटं उजेडात धरून बघायच्या. घरी येताना जिना चढवेना. गुडघ्यांना शेक देत बसायच्या, आणि मी विचारलं तर म्हणायच्या, वय झालं. त्याहून चमत्कारिक म्हणजे, दुपारची पहिली फेरी निघाली की त्या साध्या प्रवाशासारख्या चढायच्या, पुढे बसायच्या आणि मागे वळून लोकांकडे बघत राहायच्या. माझ्या गाडीतही. मला वाटलं, ह्या आता माझी तिकिटं तपासायला लागल्या की काय! शेवटी मी तोंडावरच विचारलं, “ताई, माझ्यावर पाळत ठेवताय का?”

“तुझ्यावर कशाला? लोक कुठे बसतात ते बघतेय.”

“लोक जिथे जागा मिळेल तिथे बसतात.”

“नाही,” त्या म्हणाल्या. “रिकामी सीट सोडून माणूस पुढे जातो, तेव्हा त्याला काहीतरी कळलेलं असतं. त्याचं त्यालासुद्धा माहीत नसतं.” त्या दिवशी एक सीट भर गर्दीतही उशिरापर्यंत रिकामी राहिली. फेरी संपल्यावर जाऊबाईंनी त्या सीटखालचा पत्रा मिस्त्रीकडून उघडवला. आत पावसाचं पाणी साचून शेवाळ धरलं होतं. मला पुन्हा तोंडात बोट घालायची वेळ आली. म्हटलं, ह्या बाईचं नाक आता माणसांच्या पाठीतूनही वास घेतं. खरं काय होतं ते कळायला अजून अवकाश होता.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी भर पावसात कुठलासा मोर्चा निघाला होता, म्हणून गाड्या कच्च्या रस्त्याने वळवल्या होत्या आणि सगळ्या चिखलाने बरबटून आल्या होत्या. शेडमध्ये बायांची नुसती तारांबळ. जाऊबाई एका गाडीतून दुसरीत चढत होत्या. माझ्या गाडीला ‘हं’ मिळालं, डबल बेल दिली, आम्ही निघालो. त्या दिवशी बरोबर यायला त्यांना सवडच नव्हती.

पहिल्याच चौकात मला वास आला. साधासुधा नाही, काहीतरी कुजल्यासारखा. पण जाऊबाई ‘हं’ म्हणाल्या होत्या. तेव्हा गाडीला वास असणं शक्यच नव्हतं. मी हळूच माझी पिशवी उघडली आणि डब्याला नाक लावलं. डबा बरा होता. मग बाहीला लावलं. तेवढ्यात बघते तर ड्रायव्हर गाडी सिग्नलला थांबवून आपला बूट उलटा करून तळ बघतोय. नजरानजर झाली तसा त्याने बूट घाईघाईने घातला. मागच्या सीटवरच्या एक आजी ओरडल्या, “अहो कंडक्टरबाई, काय मेलंय गाडीत?”

आणि मी, नाकाला रुमाल लावायची इच्छा दाबून धरत, त्यांना ठणकावून सांगितलं, “आजी, आमच्या डेपोतून गाडी तपासल्याशिवाय सुटत नाही! वास बाहेरचा असेल!” बाहेर फुलांचं दुकान होतं. आजींनी दुकानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या स्टॉपला उतरून गेल्या. त्यांच्यामागे अर्धी गाडी उतरली. मी मात्र शेवटपर्यंत भांडत राहिले. मुद्दा होता घराण्याच्या नाकाचा.

डेपोत परत आलो तर तक्रार आमच्या आधी पोचलेली. मिस्त्रीने मागच्या पायरीचा पत्रा काढला. आत घूस मरून पडलेली, कधीची कुणास ठाऊक. नाकावर फडकं बांधून त्याने ती उचलली आणि सगळे मागे सरले. एकट्या जाऊबाई तिथेच उभ्या. वाकून, अगदी जवळून बघत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. नाक मुरडलेलं नाही, कपाळाला आठी नाही. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मीही.

मुकादमांनी बाजू सावरून घ्यायला सुरुवात केली. “वाटेत मेली असेल. मावशींनी तपासली तेव्हा जिवंत असणार.” बाया म्हणाल्या, हो हो, तसंच. ड्रायव्हर म्हणाला, हल्ली घुशी फार झाल्यात, कधी चढतात, कधी मरतात, काही नेम नाही. आजवर ज्या माणसांत कधी एकमत झालं नव्हतं ती सगळी एका सुरात बोलत होती. जाऊबाईंनी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. प्रकरण तिथेच मिटलं असतं, त्या शेडमध्ये राहिल्या असत्या, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं.

त्या ड्रायव्हरकडे वळल्या. “तुम्हाला वास आला होता?”

“आला होता. पण तुम्ही ‘हं’ म्हणालात ना. मला वाटलं माझा बूट.”

“तुला?”

“आला होता,” मी म्हणाले. “मी डबा तपासला.”

“आणि तुम्हाला, मुकादम?”

मुकादम घुटमळले. “गाडी सुटायच्या आधीच आला होता. मला वाटलं, माझे मोजे. मी मागे जाऊन पाय धुऊन आलो.”

कुणीतरी फिसकन हसलं. जाऊबाई हसल्या नाहीत. त्या बसच्या पायरीवर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मला वास येत नाही. ताप आला होता ना, तेव्हापासून. काहीच येत नाही. साबणाचा नाही, दुधाचा नाही, ह्या घुशीचासुद्धा नाही. इतके दिवस हाताने चाचपून आणि लोकांची तोंडं बघून ‘हं’ म्हणत होते.”

मला त्यांचे ते सुजलेले गुडघे आठवले. नाक गेलेल्या बाईने इतके दिवस गाड्या सोडल्या होत्या आणि आजपर्यंत एक तक्रार आली नव्हती! मी कितीतरी माणसं बघितली आहेत, पण अशी नाही बघितली.

“अहो, मग गप्प का नाही बसलात?” मुकादम जवळजवळ ओरडलेच. “आम्ही सांभाळून घेत होतो ना! आता मला तुम्हाला यार्डात पाठवावं लागेल, कळतंय का?”

“कळतंय. म्हणून तर इतके दिवस लपवलं. माझ्या नाकाचं काय, गेलं ते गेलं. पण माझ्या ‘हं’पायी तुम्ही सगळ्यांनी आपापली नाकं बंद करून ठेवलीत. वास येत असताना माणूस स्वतःचा बूट हुंगत बसतो? हे नाही चालायचं. माणसं बसतात त्या गाडीत.”

मुकादमांनी टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, “आणि उद्यापासून ‘हं’ कोण म्हणणार?”

जाऊबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मागे वळून बघितलं, पण मागे भिंत होती. “ही,” त्या म्हणाल्या. “हिला घरात कुठलीच गोष्ट पटत नाही. गाडीतही पटणार नाही. असंच माणूस लागतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या बंद गाडीत मधल्या सीटवर बसले. डोळे मिटले. साबण, फिनेल, रबर, माझाच घाम. बाहेर माणसं उभी आहेत हे डोळे मिटूनही कळत होतं. मी एक डोळा किलकिला करून खिडकीतून जाऊबाईंकडे बघितलं, म्हटलं, चेहऱ्यावरून काही अंदाज येतोय का. त्या यार्डात खराटा घेऊन उभ्या होत्या, आणि मुद्दाम माझ्याकडे पाठ करून. त्यांना माझी सवय ठाऊक होती.

मी पुन्हा डोळे मिटले. आणि मग आला. अगदी पुसट, मागून, डावीकडून. काहीतरी ओलं.

मी सांगितल्यावर बायांनी मागच्या सगळ्या सीट उलथ्यापालथ्या केल्या. फटी बघितल्या, खाली टॉर्च मारला. काही नाही. ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला. मुकादम म्हणाले, “पहिलाच दिवस आहे, होतं असं.” मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. “जाऊ दे,” मी म्हणाले. “भास झाला असेल. सोडा गाडी.”

“थांबा.”

खराटा भिंतीला टेकवून जाऊबाई गाडीत चढल्या. एकेक पायरी, दांडीला धरून. “वास आला होता ना?” त्यांनी मला विचारलं.

“वाटला होता, ताई.”

“वाटला की आला?”

“आला.”

“मग आहे,” त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रीकडून पाना मागून घेतला. माझ्या नाकावर खुद्द माझा विश्वास नव्हता, पण त्यांनी एक शब्द जास्त विचारला नाही. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून त्यांनी डावीकडच्या शेवटच्या सीटचे बोल्ट सोडवले. सीट मोकळी झाली, ती त्यांनी उलटी केली. खालची फळी आणि गादी यांच्यामध्ये दबून बसलेला एक लहान मुलाचा मोजा होता. लोकरीचा, ओला, अंगठ्यापाशी रफू केलेला.

बायांनी एकच गिल्ला केला. ड्रायव्हर म्हणाला, “झालं, आता एकाच घरात अशी दोन-दोन नाकं!” मुकादमांनी टोपी घातली. मी मात्र जाऊबाईंकडे बघत होते. त्यांनी मोजा उचलला, आणि सवयीने नाकाशी नेला. एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक. मग हात खाली आला.

त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मोजा माझ्या नाकापुढे धरला.

“कसा येतोय?” त्यांनी हळूच विचारलं. “सांग ना.”

“ओल्या लोकरीचा,” मी म्हणाले.

“आणि?”

“थोडा आंबूस. वरून घरच्या साबणाचा.” मी आणखी एक श्वास घेतला. “आणि लहान मुलाच्या पावलाचा.”

जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले होते. “अजून,” त्या म्हणाल्या.